बाईंची जीभ

बाईंनी आयुष्यात केचप एकदाच चाखलं, आणि ते नेमकं बिघडलेलं होतं. ते त्यांच्या तोंडात कोणामुळे गेलं हे मी सांगणार आहे. पण आधी बाई कशा होत्या ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, बोटभर चटणी खाल्ली, त्यात एवढं काय आभाळ कोसळलं.

आमच्या मुलींच्या शाळेत त्या गृहविज्ञान शिकवायच्या. मी उमरेडची, विणकराच्या घरची. मॅट्रिक होऊन नवीनच त्या शाळेत लागले होते आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. नागपूरची राजधानी जायच्या आधीची दोन-तीन वर्षं ती. मला राहायला जागा मिळत नव्हती, म्हणून बाईंनी त्यांच्या दोन खोल्यांतली एक मला दिली. त्यांचं बिऱ्हाड पूर्वी नागपूरच्या महाल भागात होतं. कोष्ट्याची पोरगी स्वयंपाकघरात कशी घेता, असं तिथल्या शेजारणींनी विचारलं, तेव्हा बाईंनी भांडण केलं नाही, वाद घातला नाही. आठ दिवसांत सामान बांधलं आणि सदर भागात जागा घेतली. तिथे एका बाजूला पाव भाजणारा आणि दुसऱ्या बाजूला पियानो दुरुस्त करणारा. "इथं कोणी विचारत नाही, आणि पावाचा वास फुकट," म्हणायच्या.

पांढरं नऊवार, पायात पुरुषी पंपशू आणि काखेत छत्री. छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. बोलणं तुटक. माझी घरची बोली त्यांनी सुधारायला घेतली नाही, ह्याचं मला तेव्हा फार नवल वाटे. म्हणाल्या, "शाळेत मला म्हण, घरी मले म्हण. नाहीतर तुझी आई तुला ओळखायची नाही."

हिवाळ्यात पारशिवनीकडून टमाट्यांच्या गाड्या यायच्या. आमच्याकडे टमाट्याला भेदरं म्हणतात. संक्रांतीच्या सुमाराला माल इतका व्हायचा की बाजार उठताना गाडीवाले उरलेली भेदरं गाईंपुढे ओतून मोकळ्या गाड्या हाकत परत जायचे. बाईंना ते बघवत नसे. त्या गाडीपुढे उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "टाकून काहून राहिला गा? शाळेत आण." जबलपूरला ट्रेनिंगला असताना एका गोऱ्या मॅडमनं त्यांना केचप शिकवलं होतं. त्यात त्यांनी आपलं बरंच घातलं आणि दर जानेवारीत शाळेच्या मागच्या पडवीत चूल मांडून मुलींकडून ते करून घ्यायला लागल्या. "नासणारी वस्तू नासायच्या आत कामी आणायची, एवढंच मी शिकवते. बाकीचं सगळं पुस्तकात आहे," हे त्यांचं दरवर्षीचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य भांड्याचं. गंज, म्हणजे आमचं मोठं पातेलं, पितळेचा, तेव्हा आतून कल्हई पाहिजेच. उघड्या पितळेला आंबट लागलं की ते कळकतं, हिरवट कडू होतं, आणि पोटात गेलं की माणूस उलट्या करून करून अर्धा होतो. हे त्या इतक्यांदा सांगायच्या की पोट्ट्या त्यांच्यामागे त्यांची नक्कल करायच्या.

टमाटे वाफवायचे, चाळणीतून गाळायचे, रस गंजात चढवायचा. लवंग, दालचिनी, मिरे, ठेचलेला लसूण आणि कांदा पुरचुंडीत बांधून आत सोडायचा. त्या पुरचुंडीचं कापड माझ्या वडिलांनी मागावर मुद्दाम विरळ विणून दिलं होतं. बाई ते कापड स्वतः धुवायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. साखर थोडी आधी, थोडी नंतर. मीठ आणि सिरका अगदी शेवटी.

पडवीतून घड्याळ दिसायचं, पण बाईंचा घड्याळावर राग. चुलीपुढची पोरगी मान वळवून घड्याळ बघते आणि तेवढ्यात बुडाला लागतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वेळ मोजायचा पाढ्यांनी. अकरा ते वीसचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, असा एक फेरा झाला की लाकूड मागे ओढायचं. एकदा तपासणीला आलेले साहेब पडवीत डोकावले आणि गणिताचा तास चालू आहे असं लिहून गेले. सहावीत एक मुलगी होती, तिचे वडील गिरणीत होते. ती तेरा साते म्हटलं की अडायची, दर वेळी. मग सगळ्याजणी थांबायच्या, आणि ढवळणं मात्र चालू. बाई म्हणायच्या, "आजचं केचप हिच्या कृपेनं दाट होणार." ती मुलगी लाजायची पण पडवी सोडायची नाही. बाईंची ती लाडकी होती.

झालं की नाही हे बघायला बशीवर एक थेंब टाकायचा. थेंबाच्या कडेनं पाणी सुटलं तर अजून कच्चं आहे. उकळीचा आवाज जड झाला की बाई लांबूनच सांगायच्या, "आता बशी आणा." डोळ्यानं, कानानं, नाकानं त्या सगळं ओळखायच्या. जिभेनं मात्र नाही. केचपाचा थेंब त्यांनी कधी ओठाला लावला नव्हता. कांदा चिरायच्या, लसूण सोलायच्या, टमाट्याच्या रसानं कोपरापर्यंत हात लाल व्हायचे, आणि घरी येऊन वरण-भात जेवायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हाताला बंदी नाही, तोंडाला आहे."

ती बंदी काय, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तेराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. शिकायचं होतं, सासरा तयार नव्हता. सासूनं मध्यस्थी केली, पण एक अट घातली. कांदा-लसूण खायचं नाही, टमाटे-गाजरं असं लाल काही खायचं नाही. "लोक मला विचारतील, सून कुठं पाठवली? मला छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे, की ती धर्मानं राहते. एवढा शब्द दे आणि जा." बाईंनी शब्द दिला आणि जबलपूर गाठलं. सासूला जाऊनही वीस वर्षं झाली होती तेव्हा. मी म्हटलं, "बाई, आता त्या नाहीत ना, मग काहून पाळता?" त्या म्हणाल्या, "ती गेली. शब्द कुठं गेला?" मी पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्या मनात तो शब्द म्हणजे देव्हाऱ्यातली वस्तू झाली.

जीभ त्यांनी माझी घेतली. मी लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी सात वाट्यांत मिठाचं पाणी ठेवलं, एकीपेक्षा दुसरीत किंचित जास्त, आणि आम्हा सगळ्यांना क्रम लावायला सांगितला. माझ्या एकटीचा बरोबर आला. तेव्हापासून "ही माझी जीभ" अशी त्या माझी ओळख करून देऊ लागल्या. तपासणीच्या साहेबांनासुद्धा. मला गुदगुल्या व्हायच्या. उमरेडला लोक आमच्या घरचे हात मागायचे, विणायला. जीभ कोणी मागितली नव्हती.

त्यांचा एक नियम होता. केचपाच्या दिवशी सकाळी विचारायच्या, "आज उपास कोणाला?" ज्या हात वर करतील त्यांना पडवीतून बाहेर काढायच्या. "उपाशी जिभेला सगळंच गोड लागतं. ती जीभ काही कामाची नाही."

त्या वर्षी स्नेहसंमेलनात आलूबोंडे आणि केचप द्यायचं ठरलं, म्हणून नेहमीच्या दुप्पट करायचं होतं. शाळेचा गंज पुरणार नव्हता. आमच्या म्हाताऱ्या शिपायानं इतवारीतून लग्नाची भांडी भाड्यानं देणाऱ्याकडून एक भलामोठा गंज आणला. बाईंनी त्यात हात घालून सगळीकडून फिरवला. जिथवर नजर पोचत होती तिथवर कल्हई पांढरी स्वच्छ होती. बाईंच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू धरायला लागला होता, आणि गंज खोल. बुडाशी कल्हई उडालेली होती, ते त्यांना दिसलं नाही. मी वाकून पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही, कारण मी त्या दिवशी आपल्याच तंद्रीत होते.

मला चतुर्थी होती. वडिलांचा खोकला महिनोन्‌महिने थांबत नव्हता. मागावर बसून बसून छातीत कापूस गेला, असं वैद्य म्हणायचा. आईनं निरोप पाठवला होता, चार संकष्ट्या धर, चंद्र पाहिल्याशिवाय तोंडात काही घालू नको. तीन झाल्या होत्या, बाईंच्या नकळत. चौथी नेमकी केचपाच्या दिवशी आली. बाईंनी विचारलं, "उपास कोणाला?" दोघींनी हात वर केले, त्यांना पताका कापायला पाठवलं. माझा हात खालीच राहिला. खरं सांगते, हात वर केला असता तर बाईंनी चाखायला दुसरी कोणी उभी केली असती. ते मला सहन होणार नव्हतं. दुसरं कारण नाही. मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन पाहिली.

दुपारी तीनच्या सुमाराला बशीवरचा थेंब जागच्या जागी राहिला. बाईंनी चमचा भरून माझ्यापुढे केला. मी तो घेतला, फुंकर घातली, पाठमोरी झाले, ओठ हलवले आणि चमचा धुण्याच्या बादलीत सोडला.

"काय वं?" बाईंनी विचारलं.

"जमलं बाई," मी म्हटलं. "मीठ नेमकं आहे."

मिठाचं काहून म्हटलं, कोण जाणे. खोटं बोलणाऱ्याला जास्तीचं बोलायची हौस असते. वाफाळतं केचप बाटल्यांत भरलं, मेणानं तोंडं बंद केली, आणि मी घरी जाऊन चंद्राची वाट बघत बसले.

संमेलनाच्या दिवशी बोंडे वाटले आणि तासाभरात मुली ओकायला लागल्या. पडवी, अंगण, वर्ग, जिथे जागा मिळेल तिथे. पंचवीस-तीस तरी असतील. बहुतेकींना संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. सहावीतली ती तेरा सातेवाली मात्र निपचित पडली. तिनं बाईंच्या प्रेमापोटी दोनदा केचप मागून घेतलं होतं. तिला इस्पितळात नेलं. बाई दोन दिवस तिच्या खाटेपाशी बसून होत्या, घरी आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा बाई उठल्या आणि तशाच सरळ शाळेत आल्या, कारण कमिटीनं बोलावलं होतं.

कमिटीच्या खोलीत चिटणीस आणि आणखी तिघे होते. बाईंना खुर्ची दिली. मी दाराशी उभी, आणि शिपाई हात जोडून भिंतीला टेकलेला. चिटणीस म्हणाले, "बाई, ह्या साहेबी चटणीचं खूळ आम्ही तुमच्याकडे पाहून चालू दिलं. मला एकच सांगा, ती कोणी चाखली होती का?"

"हो. ह्यांनी," बाईंनी माझ्याकडे हात केला.

"काय हो, चाखली होती?"

माझ्या तोंडून "हो" गेलं. बाईंच्या समोर, पुन्हा एकदा. नोकरी जाईल ही भीती होती, आणि बाईंना कळेल ही त्याहून मोठी.

"मग चटणीत दोष नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. माझ्या जिभेवर त्यांचा इतका भरवसा होता. चिटणीसांनी लगेच शिपायाकडे मान वळवली. "तेल आणि आलू तू आणले ना? कुठला सडका माल उचलून आणला?"

"नाही जी साहेब," शिपाई म्हणाला. "आलू ताजे होते. मी सोताच दोन बोंडे नुसते खाल्ले, मले काही झालं नाही जी."

"तू तर असंच म्हणशील. उद्यापासून येऊ नको."

त्याची सगळी हयात त्या शाळेत गेली होती. तो भिंतीवरून खाली घसरत बसला. मी बघत होते. मी दोन शब्द बोलले असते तर तो वाचला असता.

"थांबा," बाई म्हणाल्या. "कपाटात एक बाटली शिल्लक आहे. आण गा."

शिपायानं बाटली आणली. बाईंनी मेण नखानं खरवडून काढलं. कमिटीतले एकमेकांकडे पाहायला लागले, कोणाला चाखायला लागतंय ह्या धास्तीनं. एकजण म्हणाला, "तुम्ही तर हे खात नाही म्हणतात ना, बाई?"

"खात नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या तळहातावर बोटभर केचप ओतलं. क्षणभर त्या नुसत्या त्या हाताकडे पाहत राहिल्या. मग हात तोंडाशी नेला आणि चाटला. थुंकल्या नाहीत. गिळलं. चेहरा जराही वाकडा झाला नाही, पण त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. त्या नुसत्या पाहत होत्या, वर्गातली हुशार मुलगी सोपं गणित चुकली की पाहायच्या तशा.

"कळकलंय," त्या चिटणीसांना म्हणाल्या. "तेल, आलू, सगळं चांगलं होतं. गंजाची कल्हई गेलेली होती. भांडं मी पाहिलं, पण नीट पाहिलं नाही. ह्या माणसाचा काही संबंध नाही."

"पण ह्या तर म्हणतात चाखलं होतं?"

"त्या माझ्या हाताखाली आहेत. चाखायचं काम माझं होतं."

तिथेच कागद मागून त्यांनी राजीनामा लिहिला. बाहेर आल्यावर शिपाई त्यांच्या पायाशी वाकला. "उठ गा, पाया काय पडून राहिला," म्हणाल्या आणि छत्री घेऊन चालू लागल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात त्या अमरावतीला भाच्याकडे गेल्या आणि पुन्हा नागपुरात राहायला आल्या नाहीत. दोन वर्षांनी गृहविज्ञानाचा वर्ग परत सुरू झाला आणि तो कमिटीनं मला दिला. मी घेतला. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण घेतला, आणि निवृत्त होईपर्यंत चालवला. एका जानेवारीत चांगल्या कल्हईच्या गंजात जमवलेलं केचप घेऊन मी अमरावतीला गेले होते. बाईंनी बशी पाहिली, थेंब हलतो का ते पाहिलं, वास घेतला, "छान जमलं" म्हणाल्या आणि बशी माझ्याकडे सरकवली. "तेव्हा कारण होतं," एवढंच बोलल्या. मी आग्रह केला नाही. चांगलं केचप कसं लागतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकदा सांगायचा प्रयत्न केला, पण चव सांगता येत नाही.

माझ्या मनातून जात नाही ती मात्र कमिटीच्या दिवसाची संध्याकाळ. शाळेपासून सदरापर्यंत आम्ही दोघी चालत आलो. घरात पाऊल टाकलं आणि बाईंना उलट्या सुरू झाल्या. दोन दिवसांचं जागरण, पोटात अन्न नाही, त्यात ते केचप. मी त्यांच्यापुढे घमेलं धरून बसले. त्यांचं कपाळ घामानं थपथपलेलं होतं. तिसऱ्यांदा झाल्यावर त्या भिंतीला टेकल्या, तेव्हा मी बोलले.

"बाई, मी चाखलं नव्हतं."

"कळलं मला ते."

"मले चतुर्थी होती. बाबांसाठी धरली होती."

बाईंनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. "खोकला होता ना त्यांना? आता कसं आहे?"

"आता बरं आहे. परत मागावर बसून राहिले."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि ते अगदी मनापासून म्हणाल्या. शेजारी पावाची भट्टी पेटवत होते. मी म्हटलं, "बाई, तुमचा शब्द होता. म्हणून मले वाटलं..."

"तुला वाटलं, बाई काही झालं तरी चाखणार नाही." त्यांनी डोळे मिटले होते. "एकदा मला सांगायचं होतं वं. मी चाखलं असतं."

तीन वर्षं मी त्यांच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवले होते. हे मला त्यांनी सांगायची वेळ यायला नको होती.